टोकाच्या चौकीची तुटलेली रेघ

श्री. ज्याने आडवी रेघ ओढून तीस काळ म्हटले, आणि उभी रेघ ओढून तीस मान म्हटले, आणि दोहींच्या मिळणीस आपण शून्यरूपे बसला, त्या निराकारास आधी नमन. मग हकीकत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघमासी, खाडीकाठच्या राज्यात आलेख सुरेख करण्याची मसलत जाली, ती कैसी जाली, कोणी केली आणि तिचा शेवट कोठे गेला, हे आपण पुसिले. दफ्तरी याचा कागद नाही, कां की दफ्तरी राहतात ते आकडे, आणि ही गोष्ट आकड्यांच्या अंगाअंगाने गेली, आत शिरली नाही. सबब जैसे पाहिले आणि ऐकिले तैसे येथे मांडिले आहे.

राज्य थोर नव्हे. त्यास किल्ला नाही, हत्ती नाही, मुलूख म्हणावा तर सगळा खारा. पाणी मोजणे हाच राज्याचा उद्योग. खाडीच्या मुखी आणि समुद्राच्या काठी चौक्या होत्या, दर चौकीस पाण्यात एक खांब रोविलेला, खांबावर खुणा, आणि खुणांकडे पाहावयास माणूस. भरतीचे पाणी कोठवर चढले हे त्याने रोज सकाळी पाहावे आणि मुख्य ठाण्यास कळवावे, आणि पाणी फार चढू लागले तर ठाण्याने बांधामागील गावांस आधी सावध करावे, ऐसा खटाटोप. आणि पूर्वापार एक चाल पडली होती, की चौकीदाराने फोनवर आकडा सांगावा, आणि मग "माणूस बरा" ऐसे दोन शब्द बोलून फोन ठेवावा. चाल कोणी घातली हे कोणास ठाऊक नाही. परंतु ऐकणारास कळे, की खांब पाहणारा अद्यापि खांबापाशी आहे. आकडा कोष्टकात जाई. "माणूस बरा" यास कोष्टकात रकाना नव्हता, ते कानी पडे आणि कानीच राही.

पुढे काळ पालटला आणि चौक्यांवर यंत्रे आली. यंत्र एकट्या माणसाच्या हवाली करू नये ऐसा राज्याचा कायदा, कां की एकटा निजला तर यंत्राकडे कोण पाहील. म्हणोन जेथे दोन माणसे नेमिली तेथे यंत्र बसले, आणि तेथला आकडा आपला आपण कोष्टकात येऊन पडू लागला, आणि तेथून फोन येणे राहिले. ऐसे होता होता एक टोकाची चौकी मात्र उरली. तेथे धाकू तांडेल एकटेच होते. चौकीच्या पाठीस डोंगर, पुढे दर्या, आणि वस्ती म्हणावी तर होडीने जावे इतकी दूर. तेथे जोडीस जावयास कोणी राजी होईना, आणि सरकारही कोणास फार पुसेना. तेव्हा रोज सकाळी मुख्य ठाण्यात एकच फोन वाजे, आणि तो एकच बाई उचले.

त्या बाईंचे नाव अनसूयाबाई केळुसकर. हुद्दा कोष्टकनवीस. वय पन्नाशीस टेकलेले, लग्न जाले नव्हते, आणि का जाले नाही हे विचारणारी माणसेही एक एक करून सरली होती. घरी मातुःश्री होत्या, त्या गेल्या साली कैलासवासी जाल्या. तेव्हापासून बाईंच्या घरी नारळ फोडला म्हणजे एक वाटी खर्ची पडे आणि दुसरी फ्रिजमध्ये पिवळी पडून टाकावी लागे. अर्धा नारळ कोणी विकत देत नाही, हे दुःख सांगण्याजोगे नव्हे म्हणोन त्यांनी कोणास सांगितले नाही. दफ्तरात दुपारी बाकीची मंडळी गोल बसून डबे उघडीत आणि लोणच्यांची देवघेव करीत. बाईंसही आरंभी बोलाविले होते. पुढे बोलाविणे राहिले, आणि बाईंसही आपण होऊन खुर्ची सरकवावी हे जमले नाही. त्या वेळात त्या कोष्टकाची कळ एकेक दाबून पाहात, ही दाबिली तर काय होते, ती दाबिली तर काय होते. गुरू नाही, पोथी नाही. ऐशा रीतीने आलेखाची विद्या त्यांस आली, आणि आली आहे हे कोणास कळले नाही.

कां की राज्यातील आलेखांची तऱ्हा निराळी होती. दिवाण मोरेश्वरपंत यांस भरगच्च आवडे. ते माणूस वाईट नव्हते, लेकीच्या लग्नात जैसी मांडवास झालर तैसी आलेखास हवी ऐसा त्यांचा समज. पाठीमागे गुलाबी रंग, त्यावर आडव्या उभ्या रेघांची मच्छरदाणी, आत दर चौकीची एक रेघ, दर रेघेस निराळा भडक रंग आणि खाली सावली, आणि माथ्यावर नाव कमानीसारखे वाकविलेले, जैसे बारशाच्या फलकावर असते. कोणती रेघ कोण्या चौकीची हे पाहावे तर बाजूस एक चौकट, तीत रंगांची वंशावळ. सगळे मिळून शेवयांचे ताट. पाहणारा दिपे, आणि काही न समजता वाखाणी.

आता मूळ गोष्ट. गत आश्विनात धाकू तांडेलांस ताप आला. एके सकाळी फोन आला नाही. बाईंनी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि दिवाणजींकडे गेल्या. दिवाणजी म्हणाले, नेटवर्क गेले असेल, उद्या येईल. दुसरे दिवशीही गेल्या, तिसरे दिवशीही गेल्या. दिवाणजी म्हणाले, दांडी मारली असेल, दिवाळी जवळ आली. बाईंनी कोष्टकातले ते घर रिकामे ठेविले, आणि त्याखालचेही, आणि त्याखालचेही. शेवटी पंधरवडा सरत आला तेव्हा होडी सुटली, आणि तांडेल चटईवर पडलेले सापडले, मासेमारीस गेलेल्या कोण्या होडीवाल्याने पेज पाजून जिवंत ठेविले होते. बरे जाल्यावर त्यांनी अर्ज केला, की जोडीस माणूस द्यावा. अर्ज वर गेला आणि वरच राहिला.

मग माघात थोरल्या सरकारचा वकील राज्याची पाहणी करावयास निघाला. त्याचे आधी पत्र आले, त्यात मजकूर, की वर्षाचे काम आलेखरूपे पडद्यावर दाखविणे. जेथे काम अखंड चालले तेथे जैसे आहे तैसे ठेवू. जेथे खंड पडला तेथे दुसरा माणूस देऊ. पत्र येताच दफ्तरात धावपळ जाली, रंग दिले, कुंड्या आणिल्या, आणि राज्याचे धनी श्रीमंत, त्यांजसमोर आलेखाची रंगीत तालीम जाली. पडदा उजळला आणि श्रीमंत पुढे सरसावून पाहू लागले, तो टोकाच्या चौकीची रेघ आश्विनात एकाएकी तळास गेली, तेथे लोळत राहिली, आणि कार्तिकाच्या तोंडी उठोन पुन्हा वर आली. श्रीमंत बोलिले, की हे काय, पंधरा दिवस समुद्र कोठे गेला होता? सभेत कोणी हसले नाही, कां की हसावे की भ्यावे हे ठरेना. बाईंनी हळू सांगितले, की घरे रिकामी आहेत, त्यांस शून्य समजून रेघ खाली उतरली आहे, समुद्र जागीच होता. खंड दिसला तर होडी उशिरा का सोडिली हे पुसिले जाईल आणि उत्तर आपल्या माथी येईल, हे दिवाणजींनी तेथेच ताडिले. मग श्रीमंत उठोन गेल्यावर त्यांनी बाईंस बोलावून सांगितले, की अलीकडचे टोक आणि पलीकडचे टोक जोडून टाका. ऐसी सोय कोष्टकात असतेच. आणि एकंदर आलेख जरा सुरेख करा, वकील परदेशी शिकलेला आहे म्हणतात.

बाई कामास बसल्या. आणि येथे सांगावे लागते, की त्यांस आनंद जाला. इतके दिवस कोणी म्हटले नव्हते, की तुम्ही करा. प्रथम मच्छरदाणी उतरविली. मग गुलाबी रंग पुसून पांढरा केला. मग सावल्या काढिल्या, कमानीचे नाव सरळ करून बारीक अक्षरात डावीकडे बसविले. रंगांची वंशावळ मोडिली आणि दर रेघेच्या टोकास तिचे तिचे नाव लिहिले, जैसे दारावर पाटी. बाकी चौक्यांच्या रेघा राखाडी केल्या, एक टोकाच्या चौकीची गडद निळी ठेविली, कां की तालमीत डोळा तीवरच गेला होता. आणि मग टोके जोडण्याची कळ दाबिली, आणि रेघ जुळली. ऐसी जुळली, की जैसे मध्ये काही जालेच नव्हते. पाठीमागे मंडळी जमा जाली, कोणी म्हणाले, बाई, हे तुम्ही केले? कोणी खुर्ची ओढून जवळ बसले. दिवाणजींनी स्वतः पाहिले आणि बहुत संतोष पावले, आणि त्या दिवशी दुपारी बाईंस गोलात बोलाविले गेले, आणि कोणाच्या तरी डब्यातील मेथीची भाजी त्यांच्या पोळीवर पडली. ती भाजी गोड लागली हे खोटे का सांगावे.

दुसरे दिवशी सकाळी फोन वाजला. तांडेलांनी आकडा सांगितला, माणूस बरा म्हटले, आणि फोन ठेविला नाही. क्षणभर नुसता वारा ऐकू आला. मग म्हणाले,

"बाय, एक विचारू? तो वर्साचा कागद भिंतीवर दाखवनार म्हंतात ना. त्यात माजा ताप दिसतो का?"

बाईंनी फोन दुसऱ्या कानास लाविला.

"दिसला पायजे बाय. मी सांगून कोन ऐकतो? तापात मी खांबाशी बोलत होतो. त्याचं काय नाय, येकटा मानूस बोलतोच. पन खांब जबाब देत होता. मना त्याची भीती वाटली."

"काय म्हणत होता खांब?" बाईंनी पुसिले.

"म्हनत होता, मानूस बरा."

आणि तांडेल हसले. बाईंसही हसू आले, आणि हसता हसता त्यांनी "दिसेल" म्हटले, आणि फोन ठेविल्यावर त्यांस कळले की आपण वचन दिले. मग बहुत वेळ पडद्यावरील निळ्या रेघेकडे पाहात बसल्या. सुंदर होती यांत संशय नाही. परंतु जेथे धाकू तांडेल चटईवर पडोन खांबाशी बोलत होते, त्याच जागेवरून ती डौलाने चालली होती. आणि आणिक एक गोष्ट त्यांच्या चित्तात आली, ती येथे लिहिणे प्राप्त आहे, नाही तर हकीकत अर्धी राहील. खंड दिसला तर जोडीस माणूस जाईल. माणूस गेला तर यंत्र जाईल. यंत्र गेले तर आकडा आपोआप येईल आणि सकाळचा फोन येणे राहील. त्या फोनाखेरीज दिवसभरात त्यांस आपण होऊन कोणी काही सांगे ऐसे नव्हते. गोलातली खुर्ची कालची, आणि तीही त्या जुळलेल्या रेघेच्या पुण्याईची. रेघ जुळलेली ठेविली तर तांडेलही राहतील, फोनही राहील, मेथीची भाजीही राहील. बाईंनी हे सगळे नीट मांडून पाहिले, आणि मग ती कळ पुन्हा दाबिली, आणि रेघ तुटली.

नुसती तुटली तर बिघाड वाटे, शाई संपली ऐसे वाटे. म्हणोन बाईंनी त्या जागेवर आपली सगळी विद्या खर्च केली. तुटल्या जागेपाठी अगदी फिकट राखाडी पट्टा दिला, जैसी भिंतीवरील तसबीर काढिल्यावर खूण राहते. दोन्ही टोकांस एक एक लहान ठिपका दिला, की येथे थांबली आणि येथून निघाली हे समजावे. आणि मध्ये, रेघेहून बारीक अक्षरात, लिहिले: "माणूस आजारी. पाणी कोणी पाहिले नाही." मग लपवाछपवी न करिता तो आलेख घेऊन दिवाणजींपुढे गेल्या. दिवाणजींनी चष्मा पुसला.

"अहो अनसूयाबाई, आलेखात कोणी असं लिहितं का? आणि ही रिकामी जागा बरी दिसत नाही."

"बरी नव्हतीच, पंत."

"काल किती छान झालं होतं. लोक नाव काढत होते तुमचं."

"हो. मला आवडलं ते."

पंतांनी चष्मा पुन्हा चढविला. मग म्हणाले, की तुम्ही तीन दिवस येऊन उभ्या राहिलात, ते माझ्या ध्यानात आहे, नाही ऐसे नाही. आणि म्हणाले, दुसरा माणूस दिला म्हणजे यंत्रही बसेल, तुमचीही रोजची फोनची कटकट जाईल. बाई म्हणाल्या, जाईल. पंतांनी हो म्हटले नाही आणि नाही म्हटले नाही. आलेख परत दिला आणि कुंड्या नीट लागल्या का हे पाहावयास गेले. राज्यात यास मंजुरी म्हणतात.

दरबाराचे दिवशी वकील आला. सुपारी घेतली, शाल घेतली, पाण्याची बाटली घेतली आणि पडद्यासमोर बसला. आलेखामागून आलेख गेले, तो मान हलवी आणि हातातला फोन पाही. टोकाच्या चौकीचा आलेख आला तेव्हा त्याने फोन उलटा ठेविला. जागेवरोन उठोन पडद्याजवळ गेला, आणि बारीक अक्षरे वाचिली, आणि सभेकडे वळोन पुसिले, की या दिवसांत पाणी किती होते? श्रीमंतांनी दिवाणजींकडे पाहिले, दिवाणजींनी जमिनीकडे पाहिले. मग पाठीमागे पडद्याच्या यंत्रापाशी बसलेल्या बाई उभ्या राहिल्या.

"ठाऊक नाही," म्हणाल्या.

"अंदाजे?"

"अंदाज काढता येतो. रेघ जोडूनही दाखवता येते, छान दिसते. पण ठाऊक नाही."

वकिलाने पुसिले, की त्या पंधरवड्यात थोरली भरती होती की नाही. होती, म्हणाल्या. आणि बांधामागे गावे आहेत की नाही. आहेत, म्हणाल्या. वकील जाग्यावर येऊन बसला आणि बाटलीतले पाणी प्यायला. मग पुसिले, माणूस आता कैसा आहे? आज सकाळी पुसिले तेव्हा बरा होता, ऐसे बाईंनी सांगितले, आणि त्या बसल्या. होडी उशिरा का, हा प्रश्न निघाला, दिवाणजींनी उठोन सांगितले की चूक माझी, आणि हे एकच वाक्य ते त्या दिवशी झालरीवाचून बोलिले. वकिलाने ते लिहून घेतले, आणि त्याखाली दुसरा माणूस मंजूर केला.

मग बक्षिसे जाली. आलेख सुरेख जाले म्हणोन दिवाणजींस नारळ आणि शाल, कां की आलेख त्यांच्या खात्याचे. आणि हुकूम निघाला, की यापुढे सर्व आलेख याच धाटणीचे पांढरे करावे, मात्र आत अक्षरे लिहू नयेत. बाईंचा नमुना चौदा कागदांच्या सूचनांनिशी सगळीकडे गेला, त्यावर नाव नव्हते. दुपारच्या गोलात कोणी वाईट बोलले नाही. खुर्ची मात्र कोणी ओढली नाही, कां की दिवाणजींस सभेत उभे राहावे लागले हे मंडळींस रुचले नव्हते, आणि दिवाणजी लाडू वाटीत, आणि बाई कोणास काही वाटीत नसत. दिवाणजींनी मात्र जाताना तो नारळ बाईंच्या मेजावर ठेविला. म्हणाले, आमच्याकडे ढीग आहेत. बाईंनी मान हलविली. पंतांस काय ठाऊक.

फाल्गुनात टोकाच्या चौकीवर गजानन भोईर नामे मनुष्य रुजू जाला, त्यासोबत यंत्र होडीतून गेले. शेवटला फोन आला तो होळीच्या आदल्या सकाळी. तांडेलांनी आकडा सांगितला आणि मग सांगितले, की गजाननला पत्ते येतात, पण लबाड आहे, पाने मांडीखाली दडवतो, आणि भात करपवतो, आणि झोपेत घोरतो ऐसा, की दर्या ऐकू येत नाही. हे सगळे तक्रारीच्या सुरात सांगितले, आणि सूर मुळीच तक्रारीचा नव्हता. मग म्हणाले,

"उद्यापासून यंत्रच सांगल. आमी दोगं बरे हाव." आणि थोडे थांबोन, इतक्या वर्षांत जे कधी पुसिले नव्हते ते पुसिले. "बाय, तुमच्या चौकीवर कोन हाय?"

बाईंनी दफ्तराकडे पाहिले. मंडळी अद्यापि आली नव्हती, पंखा फिरत होता.

"मी आहे."

"बरी?"

चालीप्रमाणे काय म्हणावे हे त्यांस ठाऊक होते. परंतु त्या बोलल्या, "आहे."

तिकडे वारा ऐकू आला, आणि पाठीमागे कोणी तरी पत्ते पिसत होते. तांडेल म्हणाले, "ऐकला, बाय." आणि त्यांनी फोन ठेविला.

दुसरे दिवसापासून आकडा आपोआप येतो. सकाळी रिकाम्या घरात एकाएकी उमटतो, आवाज होत नाही. बाई त्या वेळी आधी येऊन बसतात, जरी गरज नाही. उमटला म्हणजे त्याकडे पाहून काही पुटपुटतात ऐसे शिपाई सांगतो. शिपायास ते नीट ऐकू आले नाही.

तात्पर्य इतके. टोकाच्या चौकीवर माणसे दोन जाली, बांधामागील गावे निर्धास्त जाली, दिवाणजींनी चूक कबूल केली आणि शाल पांघरली, राज्यातले आलेख पांढरे आणि सुरेख जाले, आणि या साली निळी रेघ कोठेही तुटली नाही. मुख्य ठाण्यास खांब नाही, म्हणोन त्याची रेघ कोणी ओढीत नाही. तेथे माणूस एक आहे. हे वाचणाराने ऐकिले ऐसे समजोन लेखणी ठेविली असे.